हेक्टर तर मरतो ना, मग हे नाव माझ्या बाळाला कशाला?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, परदेशात लग्न करून गेलेल्या मुली मला हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात, की सासरकडचे जुनं ग्रीक नाहीतर रोमन नाव ठेवायचं म्हणतायत आणि त्याचा अर्थ किंवा गोष्ट वाचून जीव धास्तावलाय. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ही मूळची कोल्हापूरची, नवरा इटालियन, राहतात बोलोन्यात. आठवा महिना लागलेला. नवऱ्याला मुलाचं नाव एत्तोरे ठेवायचं होतं, म्हणजे इलियड या ग्रीक महाकाव्यातला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर. तिने रात्री मोबाईलवर सगळं वाचून काढलं, ग्रीक योद्धा अकिलीस त्याला मारतो, प्रेत रथाला बांधून फरफटवतो, आणि नंतरच्या कथांमध्ये त्याच्या तान्ह्या पोराला तटावरून खाली फेकतात, आणि मग झोपच उडाली. "ताई, हे नाव ठेवलं आणि काही झालं तर?"

मी तिला विचारलं, अगं तुमच्याकडे कुणी अभिमन्यू आहे का. म्हणाली आहे की, मावसभाऊ. तो चक्रव्यूहात सोळाव्या वर्षी मारला गेला हे माहिती असूनच मावशीने ठेवलं ना? ती गप्प झाली, मग पहिल्यांदा जरा हसली. इटलीतही तसंच आहे, एत्तोरे नावाची माणसं तिथे शेकड्याने, गाड्यांवाला बुगाटी, शास्त्रज्ञ मायोराना, कुणी ते नाव ऐकून रथ आठवत नाही. आणि अर्थच बघायचा तर क्लाउडिया हे नाव लॅटिनमधल्या लंगडा या शब्दावरून आलंय आणि रोमन वक्ता सिसेरोचं हरभऱ्यावरून!

पण सगळीच नावं निर्धास्त ठेवा असंही मी म्हणत नाही. ज्या नावाची गोष्ट रोजच्या बोलण्यात शिल्लक आहे तिथे मी थांबवते. इटलीत सारखं अशुभ बोलणाऱ्या माणसाला आजही कसांद्रा म्हणतात, ट्रॉयच्या नाशाचं भाकीत करणाऱ्या राजकन्येवरून, कारस्थानी माणसाला आपण शकुनी म्हणतो तसं, आणि शाळेत पोरं ते सोडत नाहीत.

तिचं मात्र एवढ्याने भागलं नाही. तिसऱ्या सेशनला रडत सांगितलं की गेल्या वर्षी गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात एक बाळ गेलं होतं आणि त्याबद्दल घरात कुणीच एक शब्द बोललं नव्हतं, नवराही नाही. मग मला कळलं की तिला नावाची नाही, पुन्हा गमवायची भीती वाटतेय आणि हेक्टरच्या पोराच्या गोष्टीत तिला तेच दिसत होतं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, एवढं मोठं दुःख आणि ते बोलायला निमित्त काय तर नाव. झोपेचं तिथल्या डॉक्टरला सांग म्हटलं, आणि नवऱ्याला फक्त एवढंच विचार की हेच नाव का.

तो म्हणाला, आजोबांचं नाव, त्यांनीच मला वाढवलं. मग त्याने तिला इलियडच्या सहाव्या भागातला प्रसंग वाचून दाखवला. हेक्टरच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून बाळ घाबरून रडतं, तो हसून ते काढून जमिनीवर ठेवतो, बाळाला कुशीत घेतो, आणि देवाकडे मागतो की हा माझ्यापेक्षा मोठा होऊ दे. त्या बाळालाही दोन नावं, बाप स्कामांद्रिओस म्हणायचा आणि लोक अस्त्यानाक्स, म्हणजे नगराचा स्वामी. वाचताना नवऱ्याचाच आवाज भरून आला आणि त्या रात्री ते गेलेल्या बाळाबद्दल पहिल्यांदा बोलले.

मग दोन नावं ठेवायची ठरली. इटलीच्या कायद्यात नावात तीनपर्यंत नावं चालतात, आजोबांचं चालतं, पण हयात वडिलांचं किंवा हयात भावंडाचं चालत नाही. अडचण वेगळीच, नोंदणी दहा दिवसांत करायची आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी! रोमन लोक मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवायचे, त्यांचं बरोबर जमलं असतं. शेवटी कागद आठव्या दिवशी केला आणि बाराव्याला पाळणा बांधला, कोल्हापूरहून आजी व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हणत होती. आत्या म्हणजे नवऱ्याची बहीण, तिला आठवडाभर शिकवलेलं, तिने बाळाच्या कानात आधी मराठी नाव सांगितलं, मग एत्तोरे, आणि मग जोरात कुर्रर्र.