ऑपेरातल्या गायिकेसाठी लोक इतका वेळ टाळ्या का वाजवतात?

ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य नाटकात, भाषा कळत नसतानाही लोक एका गायिकेसाठी मिनिटंच्या मिनिटं टाळ्या वाजवतात, हे खरं की नुसता शिष्टाचार, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. मला ते लिओन्टिन प्राइस या अमेरिकन गायिकेमुळे पटलं.

३ जानेवारी १९८५, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हे नाट्यगृह. इटालियन संगीतकार व्हेर्दीचं 'आईदा' हा तिचा ऑपेराच्या रंगमंचाला निरोप होता. यूट्यूबवर त्याचं चित्रण सापडतं. आईदा ही इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये दासी झालेली. तिसऱ्या अंकात रात्री नाईलच्या काठी ती गाते : माझ्या देशा, तू मला आता पुन्हा दिसायचा नाहीस. चाल चढत चढत 'हाय सी' या फार उंच सुराला पोचते, आणि नेमका तिथंच आवाज मोकळा सोडायचा नसतो, हळुवार ठेवायचा असतो. प्राइस तेव्हा ५७ वर्षांची होती. माइक नाही, पुढ्यात अख्खा वाद्यवृंद, समोर जवळपास ३८०० खुर्च्या. तरी तो सूर अलगद वर जातो.

आपल्या मैफलीत दाद जागच्या जागी दिली जाते. जागा आवडली की 'वा!' निघून जातं. ऑपेरात गाणं संपेपर्यंत सगळं पोटात ठेवायचं. मग ते एकदम बाहेर येतं. त्या रात्री टाळ्या तीन मिनिटांच्या वर चालल्या.

शिवाय समोर कोण उभी आहे, हे त्या लोकांना माहीत होतं. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावची कृष्णवर्णीय मुलगी, वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण. १९५५ साली टीव्हीवर 'तोस्का' या ऑपेरात ती नायिका झाली, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही टीव्ही केंद्रांनी ते दाखवलंच नाही. मेट्रोपॉलिटनने पहिली कृष्णवर्णीय गायिका, मरियन अँडरसन, उभी केली तीही त्याच वर्षी. २७ जानेवारी १९६१ ला प्राइस तिथं पहिल्यांदा 'इल त्रोवातोरे' या ऑपेरात गायली, त्या रात्रीच्या टाळ्या तर ४२ मिनिटं चालल्याचं सांगतात.

म्हणून १९८५ चं चित्रण बघाल तेव्हा सूर संपला की बंद करू नका. ती वाकून अभिवादन करत नाही. अंक चालू आहे, ती अजून आईदाच आहे. डोळे भरून येतात, चेहरा सावरायला तिला कष्ट पडतात, तरी ती भूमिका सोडत नाही. समोर लोक थांबत नाहीत.