स्टीलच्या साखळ्या आयात करताना पुरवठादाराने इनव्हॉइसवर टाकलेलाच कोड लावावा का? ड्युटी किती बसेल?

"नुसत्या साखळ्या तर आहेत, शेवटी मशीनलाच लागतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. तुमचा माल असा: फोर्कलिफ्टच्या लीफ चेन, कन्व्हेयरच्या रोलर चेन, माल उचलायच्या हुकवाल्या साखळ्या आणि मोटरसायकलचे चेन-स्प्रॉकेट किट. पुरवठादाराने सगळ्यांना मशीनच्या सुट्या भागांचा कोड टाकलाय, त्यावर ड्युटी कमी आहे, म्हणून तोच लावू का, असं विचारलंत.

नका लावू. साखळी ७३१५ मध्ये जाते, म्हणजे टॅरिफमध्ये (कोड आणि ड्युटीच्या दरांची सरकारी यादी) लोखंड-पोलादाच्या साखळ्यांचं जे चार आकडी हेडिंग आहे त्यात. किटचं तेवढं वेगळं आहे, त्यावर खाली लिहिते.

आता तुमचं ते 'मशीनलाच लागतात' वाक्य मला का टोचलं ते सांगते. आमच्या दाजींचा सुट्या भागांचा व्यापार. आयातीचे कागद मी बघायचे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र), कस्टम्स एजंटच्या मागे लागणं, सगळं माझ्याकडे. कोड मात्र दाजी सांगणार, कारण "कोडवर पैसे ठरतात आणि पैशाचं मी बघतो." एका खेपेत फोर्कलिफ्टच्या लीफ चेन आल्या. पुरवठादाराने ८४३१.२० लिहिलं होतं, म्हणजे फोर्कलिफ्टचे भाग. मी म्हटलं, दाजी, ही ७३१५.१२ आहे. त्यावर त्यांचा युक्तिवाद असा: "ही चेन फोर्कलिफ्टशिवाय दुसरीकडे कुठे बसते का? माझ्या गिऱ्हाइकाकडे तरी नाही. मग ती फोर्कलिफ्टचा भाग झाली की नाही?"

ऐकायला बिनतोड वाटतं. म्हणूनच शिकलेसवरलेले लोकही इथे घसरतात. टॅरिफ उघडलं की लोक थेट हेडिंगवर जातात, विभागाच्या टिपा वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. यंत्रांचं प्रकरण ८४ ज्या सोळाव्या विभागात येतं, त्याच्या पहिल्याच टिपेत काय काय या विभागात येत नाही याची यादी आहे. त्यात (जी) या अक्षराखाली 'सर्वसाधारण वापराचे भाग' सरळ बाहेर काढलेत. हे भाग कोणते, ते पंधराव्या विभागाच्या दुसऱ्या टिपेत नाव घेऊन दिलंय: ७३०७ पाइप फिटिंग, ७३१२ वायर रोप, ७३१५ साखळी, ७३१७ खिळे, ७३१८ नट-बोल्ट-स्क्रू. वाहनांच्या सतराव्या विभागातही टीप २(बी) हेच सांगते. चेन एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलसाठी बनवलेली असली, तरी हे बदलत नाही. ७३१५ वरच्या स्पष्टीकरणात साखळी ठरावीक कामासाठीच आहे हे उघड दिसत असलं तरी ती तिथेच राहते, असं लिहिलेलं आहे. खिळा पाळण्याला ठोकला म्हणून तो पाळण्याचा भाग होत नाही, खिळाच राहतो. दाजींना हे पान उघडून दाखवलं, तर म्हणाले, "टिपा वाचत बसलो तर धंदा कधी करायचा?"

एंट्री त्यांच्या कोडने गेली. कस्टम्सकडून शंका आली, माल तपासणीला लागला. अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली, चेनचा एक तुकडा हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "ही साखळी आहे की नाही?" दाजी म्हणाले, "आहे, पण…" त्या 'पण'च्या पुढे त्यांच्याकडे काहीच नव्हतं. अधिकाऱ्याने ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात 'लीफ चेन' असंच लिहिलेलं. ड्युटीतला फरक भरला, वर व्याज, वर कंटेनर अडकल्याचं भाडं, आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय ते वेगळंच. त्यानंतर घरातल्या प्रत्येक कार्यात दाजी एकच गोष्ट सांगतात: अधिकारी हेकट होता आणि हिला बोलता आलं नाही. अहो, बोलायला होतं काय? साखळीला साखळी म्हणायचं होतं, ते तर तुम्हीच म्हणालात.

"पुरवठादार एवढा मोठा, त्याला कळत नाही का?" हा त्यांचा दुसरा आवडता प्रश्न, तुम्हीही जवळपास तोच विचारलाय. त्याला कळतही असेल, पण त्याला फरक काय पडतो? बहुतेक ठिकाणी निर्यातीवर ड्युटी नसते, त्यामुळे कोड चुकला तरी त्याच्या खिशाला चाट बसत नाही. दंड, व्याज, गोदामभाडं हे सगळं एंट्रीवर ज्याचं नाव आयातदार म्हणून आहे त्याचं. इनव्हॉइसवरच्या कोडला माझ्या लेखी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणाएवढी किंमत.

आता ७३१५ च्या आत. खरा खेळ इथे सुरू होतो, आणि चौथ्या आकड्यानंतर आळस केलात तर पुन्हा अडकाल. आधी दोन घरं करा: पिनेवर वळणारी जोडसाखळी, आणि कड्यात कडी अडकवलेली साखळी. पहिल्या घरात रोलर चेन ७३१५.११, बाकीच्या ७३१५.१२, त्यांचे सुटे भाग ७३१५.१९. रोलर चेन म्हणजे जिच्या बुशवर (पिनेवर बसणारी पोकळ नळी) खरोखर फिरणारा रोलर आहे ती. १८८० साली हान्स रेनॉल्डने बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनची ही रचना, आणि सहा आकडी सबहेडिंग तिच्याच नावाचं आहे. लीफ चेनमध्ये फक्त पट्ट्या आणि पिना असतात, ती स्प्रॉकेटच्या दातांत बसतच नाही, पुलीवरून जाते. म्हणून ती १२. दातेरी पट्ट्यांची सायलेंट चेन १२. सगळ्यात जास्त गोंधळ बुश चेनचा होतो. इंजिनाच्या कितीतरी टायमिंग चेन दिसायला रोलर चेनसारख्या असतात, पण त्यात रोलर नसतो, नुसता बुश. कॅटलॉगमध्ये विक्रीवाला सगळ्याला 'रोलर चेन' लिहून मोकळा होतो. कापलेला नमुना किंवा ड्रॉइंग हातात आल्याशिवाय ११ लिहू नका.

दुसऱ्या घरात बर्फात टायरला बांधायच्या साखळ्या ७३१५.२०, कडीच्या मधोमध आडवी दांडी असलेल्या, जहाजाच्या नांगराला असतात तशा ७३१५.८१, वेल्ड केलेल्या कड्यांच्या ७३१५.८२, उरलेल्या ८९ आणि त्यांचे सुटे भाग ९०. तुमच्या उचलायच्या साखळ्या वेल्डच्या कड्यांच्या असतील तर ८२. टोकाला हुक, शॅकल, रिंग लावलेली असली म्हणून ती क्रेनचा भाग होत नाही. टोकाच्या जोडण्यांसह साखळी ७३१५ मध्येच राहते.

याच्या उलटही होतं, आणि ते सांगितलं नाही तर मी दाजींचीच जुळी बहीण ठरेन. त्या कंटेनरच्या प्रकरणानंतर ते दुसऱ्या टोकाला गेले. लाकूड कापायच्या चेन-सॉची चेन आली, तर म्हणे, "आता तुझ्या मनासारखं, साखळी म्हणजे ७३१५!" अहो, नाही ना. तिला कापायचे दात आहेत, ती करवतीचं पातं आहे, ८२०२.४०. बादल्या लावलेली उचल-साखळी, ज्यात साखळी नुसती आधाराला असते, तीही ७३१५ मधून बाहेर. दाराला आतून लावायची साखळीची कडी ८३०२. गळ्यातली खोट्या दागिन्यांची साखळी ७११७. जमीन मोजायची साखळी ९०१५. म्हणजे नावात साखळी आहे का हे बघायचं नाही, वस्तू हातात घेतल्यावर ती साखळी म्हणून काम करते की साखळीवर दुसरंच काही बसवलंय हे बघायचं. त्या खेपेला मी एंट्रीवर माझ्या कोडने सही केली आणि दाजींना नंतर सांगितलं. माल सुटला. त्याचा विषय कुठल्याच कार्यात कोणी काढत नाही.

किटबद्दल. चेन वेगळी आली तर ७३१५. मोटरसायकलचं मागच्या चाकाचं स्प्रॉकेट वेगळं आलं तर ते मोटरसायकलचा भाग, ८७१४.१०. मशीनची सर्वसाधारण स्प्रॉकेट ८४८३.९०. पण एकाच खोक्यात, दुकानात विकायला तयार, एकत्र बसवायला म्हणून आलेलं किट असेल तर टॅरिफ कसं वाचायचं ते सांगणाऱ्या अर्थबोधाच्या नियमांपैकी ३(ब) वर जावं लागतं: संचाला त्याचं खरं स्वरूप कोण देतं, चेन की स्प्रॉकेट? त्यावर दोन जाणकार तीन मतं देतील. ठरतच नसेल तर ३(क) म्हणतो, क्रमांकात शेवटी येणारं हेडिंग घ्या, म्हणजे ८७१४. आणि नुसतं स्वस्त पडतं म्हणून एकाच कंटेनरमध्ये चेन आणि स्प्रॉकेट वेगवेगळ्या पेट्यांत भरून आणलं तर तो संच नव्हे, प्रत्येकाला आपापला कोड.

आता ड्युटी किती. तुम्ही माल कोणत्या देशात उतरवणार तेच लिहिलं नाही, मग टक्का कसा सांगू? पहिले सहा आकडे १९८८ पासून चाललेल्या एचएस पद्धतीचे, ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, ते बहुतेक सगळीकडे सारखे. पुढचे आकडे आणि दर ज्याच्या त्याच्या देशाचे. काही देश ११ च्या पुढे सायकल-मोटरसायकलची चेन वेगळी काढतात. ड्युटी कशावर लागते तेही बघा: बऱ्याच देशांत माल, विमा आणि भाडं धरून, अमेरिकेत आंतरराष्ट्रीय भाडं-विमा सोडून. त्यावर आतला कर लागतो तो साधारण ड्युटीसकट आलेल्या रकमेवर, त्यामुळे टक्क्यांची नुसती बेरीज करून गिऱ्हाइकाला भाव देऊ नका. आणि दर बघायचा तो कोड ठरल्यावर. दाजींनी एवढी वर्षं ८४३१ चा आग्रह धरला, पण ७३१५ चा दर कधी प्रत्येक खेपेला ताजा काढून बघितला नाही. काही देशांत, काही मालांत तो उलट कमी निघतो.

व्यापार कराराची सवलत घेणार असाल तर एक सापळा आहे. उत्पत्तीचा नियम (माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणारा) 'हेडिंग बदललं पाहिजे' असा असेल, आणि पुरवठादार तिसऱ्या देशातून पट्ट्या, पिना, रोलर आणून नुसती जुळवणी करत असेल, तर ते सुटे भागही ७३१५ आणि तयार चेनही ७३१५. हेडिंग बदललंच नाही, सवलत गेली. नियम सबहेडिंगचा असेल तर १९ वरून ११ होतं आणि चालतं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नियम वाचा आणि सुटे भाग कुठून आले ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.

अँटी-डंपिंग (परदेशी माल फार स्वस्तात ओतला जातो म्हणून लावलेली जादा ड्युटी) असेल तर ती वर्णनाला लागते, कोड बदलून तिच्यातून सुटता येत नाही. हे एजंटलाही ऐकवा. "चालून जातं हो" म्हणणारा एजंट मला सगळ्यात धोकादायक वाटतो. माल सुटला म्हणजे कोड मान्य झाला असं नसतं, नंतर हिशोबतपासणीत जुन्या सगळ्या खेपा एकदम उघडतात. तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही.

हेही लिहून ठेवते की मी आता रोज हे काम करत नाही, टॅरिफ दर काही वर्षांनी सुधारतं, आणि तुमच्या देशाच्या स्थानिक टिपा माझ्यासमोर नाहीत. किटसारख्या अडचणीच्या मालासाठी आगाऊ निर्णय, म्हणजे माल येण्याआधीच कस्टम्सचा लेखी निर्णय, मागा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे, त्यातल्या कलम ३ मध्ये वर्गीकरण आणि उत्पत्ती यांवर आगाऊ निर्णय देण्याची तरतूद आहे. अर्ज लेखी करा, ड्रॉइंग जोडा. घरातल्या कोणा मोठ्याचं मत वेगळं असेल तर तेही त्यांच्याकडून लेखीच घ्या, ईमेलवर, तारखेसकट. मी घेतलं नव्हतं, म्हणून तर इतकी वर्षं त्यांचीच कहाणी चालते.

लीफ चेन आणि (कड्या वेल्डच्या असतील तर) उचलायच्या साखळ्यांचं माझ्याकडून ठरलं. कन्व्हेयर चेनच्या कॅटलॉगचं छेद दाखवणारं पान आणि किटच्या खोक्याचा फोटो प्रतिक्रियेत टाका, मग ११ की १२ आणि किट संच धरायचं की नाही ते सांगते.