बारी म्हणावे की फड?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील एका कुटुंबाच्या फिरत्या व्हॉडव्हिल (म्हणजे एकाच खेळात ओळीने होणारे नाना प्रकारचे करमणुकीचे कार्यक्रम) मंडळींचा इतिहास मराठीत आणताना त्या मंडळींना ‘फड’ म्हणावे काय.

म्हणू नये. हे इतक्या तुटकपणे सांगण्याचे कारण असे की, ‘फड’ हा शब्द हल्ली नाचगाण्याच्या कोणत्याही समूहाला लावला जातो, आणि संगीत बारी, म्हणजे थिएटरात पाळीपाळीने होणारा नाचगाण्याचा तमाशा, हिच्याबाबत ‘संगीत बारीचा फड’ हा प्रयोग तर मी बातम्यांत आणि भाषणांत इतक्यांदा ऐकला आहे की आता तो सहन होत नाही. जी बारी आहे ती फड नव्हे.

उसाचा फड आणि कुस्त्यांचा फड सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो सोडून देतो. तमाशातला ढोलकीचा फड म्हणजे संपूर्ण खेळ आपल्या शिरावर घेणारी मंडळी. गण, गवळण, बतावणी आणि वग हे सगळे तिचेच. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या स्त्रिया, तंबू आणि कनातीही तिच्याच. गावकरी यात्रेची सुपारी देतात ती या सगळ्याची मिळून. नारायणगावचे घराणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजलेल्या फडात विठाबाई वाढल्या, पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने तमाशा गाजवला आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी तोच वारसा आपल्या फडातून चालवला. कुटुंबाचा फिरता खेळ म्हणून ‘फड’ हा शब्द इथे पुरेपूर शोभतो.

व्हॉडव्हिलची मांडणी मात्र वेगळी होती. (तो शब्द नॉर्मंडीतील व्हिर नदीच्या खोऱ्यातल्या गाण्यांवरून आला, की ‘शहराचा आवाज’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून, हा वाद जुना आहे, आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.) बी. एफ. कीथ यांच्यासारख्या मालकांची थिएटरे होती, आणि एका खेळात एकमेकांशी संबंध नसलेले आठ-नऊ कार्यक्रम ओळीने होत: कसरतपटू, गायिका, विनोदवीर, शिकवलेली कुत्री, आणि त्यांत एखादे कुटुंब. पुढे मूकपटांत गाजलेला विनोदी नट बस्टर कीटन याचे वडील जो आणि आई मायरा हे लहानग्या बस्टरला घेऊन ‘थ्री कीटन्स’ या नावाने उभे राहत. वडील मुलाला रंगमंचावर इकडून तिकडे भिरकावीत आणि धरायला सोपे जावे म्हणून त्याच्या कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली असे. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले, बालरक्षण संस्थेने आक्षेप घेतले, तरी त्या खेळात कीटन कुटुंबाच्या वाट्याला येत ती फार तर पंधरा-वीस मिनिटे. त्यांच्याआधी दुसरे कोणी असे, नंतर तिसरे. थिएटर त्यांचे नव्हते आणि खेळही त्यांचा नव्हता. त्यांची होती ती फक्त पाळी.

या पाळीलाच मराठीत बारी म्हणतात. संगीत बारीच्या थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, पुष्कळदा एकेक पार्टी म्हणजे मावशा, बहिणी आणि मुली यांचे कुटुंबच असते, आणि प्रत्येक पार्टी आपली वेळ आली की मंचावर येते. सिंधुदुर्गात दोन भजनी बुवा आळीपाळीने गातात त्याला डबलबारी म्हणतात. पुणे जिल्ह्यातील बैलगाड्याच्या घाटात एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मात्र यात ओढू नये. खिंड या अर्थाची बारी माझ्या मते ‘द्वार’वरून आली आहे आणि तिचा या शब्दाशी संबंध नाही.

संस्कृतात ‘वार’ म्हणजे नेमलेली वेळ, खेप. एकवार, वारंवार, सोमवार यांत तो तसाच टिकला आहे. माझे मत असे आहे, आणि ते मी गेली अनेक वर्षे मांडत आलो आहे, की पंढरीची वारी आणि थिएटरातली बारी या सख्ख्या बहिणी आहेत: ठरल्या वेळी येणे आणि पुन्हा येणे हाच दोघींचा अर्थ. व-काराचा ब-कार कसा झाला, असे कोणी विचारील. मराठी वीस-वाट-वरात म्हणते तिथे हिंदी बीस-बाट-बरात म्हणते. म्हणजे ‘वारी’ घरची आणि ‘बारी’ उत्तरेकडून आलेली. संगीत बारीत ठुमरी, दादरा आणि गझल ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने हा शब्दही आला असावा. शिवाय फारसीतही ‘बार’ म्हणजे खेप, आणि आपल्या शेतकऱ्याची दुबार पेरणी त्याची साक्ष देते.

काही पंडित ‘बारी’चा संबंध ‘वारांगना’ या शब्दाशी जोडतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्या शब्दातील ‘वार’चा अर्थ टीकाकार समूह असा करतात, पाळी असा नव्हे, आणि तो अर्थ डबलबारीच्या बुवांना किंवा बैलगाड्याला लावून पाहिला तर ही व्युत्पत्ती तिथेच कोसळते. कलावतींच्या मंचाला हीन ठरवायचे आधी मनात धरून मग शब्दाचे मूळ शोधायचे, ही पद्धत अभ्यासाची नाही.

प्रश्नकर्त्यांनी आपल्या कथेतील कुटुंब खेळ विकत होते की पाळी, एवढे तपासावे. जो आणि मायरा कीटन व्हॉडव्हिलमध्ये येण्याआधी औषधे विकणाऱ्या फिरत्या खेळांत काम करीत. तिथे सगळी मंडळी एकत्र प्रवास करीत आणि संपूर्ण खेळ तीच करीत, म्हणून त्या प्रकरणात ‘फड’ खुशाल लिहावे. थिएटरांच्या साखळीत शिरल्यानंतरच्या प्रकरणांत ‘बारी’ लिहावे, आणि त्या कुटुंबाला संगीत बारीतल्याप्रमाणे ‘पार्टी’ म्हणावे.