सॉफ्टवेअरवाल्यांनाही सिव्हिलसारखा परवाना लागेल का?

प्रश्न: सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतोय. पुढेमागे आम्हालाही सही-शिक्का, परवाना लागेल का?

लागेल, पण सरसकट नाही. आणि ‘ना सिमेंट, ना सळई, तुमचं कसलं इंजिनिअरिंग’ म्हणणाऱ्या सिव्हिलवाल्यांनी आधी साखर कारखान्याचा वजनकाटा बघावा.

काट्याची दरवर्षी पडताळणी होते, सील लागतं. दुरुस्ती करणाऱ्यालाही २००९ च्या वैधमापन कायद्याने परवाना लागतो. पण वजनपावती छापणारा प्रोग्रॅम लिहायला? काही लागत नाही.

काट्याचं वजन दाखवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, वायरवरून कॉम्प्युटरला सेकंदाला अनेक आकडे पाठवत असतो. प्रोग्रॅम ते सावकाश उचलत असेल, तर बफरमध्ये, म्हणजे आलेले आकडे रांगेत थांबतात त्या तात्पुरत्या जागेत, शिळे आकडे साचतात. ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर आलाय, डिस्प्लेवर २१,३४० किलो दिसतंय, पण प्रोग्रॅमच्या हाती लागतो मागची चाकं चढायच्या आधीचा आकडा. पावती कमी वजनाची. काटा चोख, सील शाबूत, आणि ऊसवाला म्हणणार काटा मारला! त्याचं तरी काय चुकलं?

उपाय अवघड नाही. बटण दाबलं की आधी बफर रिकामा करायचा. इंडिकेटरची ‘वजन स्थिर’ ही खूण आलेली असेल आणि लागोपाठ पाच आकडे जुळले, तरच वजन घ्यायचं. गाडी उतरल्यावर काटा शून्यावर आल्याशिवाय पुढची नोंद उघडायची नाही. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्याने. मागच्या खेपेचं चालवलं की चाकांचा चिखलसुद्धा उसात मोजला जातो.

अशा ठिकाणी जबाबदार माणसाची सही हवीच. कोड एआयने लिहिला असला तरी. लग्नपत्रिकेच्या ॲपला कशाला?

आता दुसरी बाजूही सांगतो. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअरला परवाना मिळू शकणारी इंजिनिअरिंगची शाखा मानलं. अमेरिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र परीक्षा होती. परीक्षार्थीच मिळेनात, २०१९ मध्ये बंद केली. शिवाय स्लॅब एकदा टाकला की टाकला, आपला कोड दर आठवड्याला बदलतो. म्हणजे सही माणसाच्या नावावर एकदाच करून भागणार नाही, प्रत्येक आवृत्तीवर लागेल. हे सिव्हिलवाल्यांच्या गळी उतरत नाही.

तुम्ही परवान्याची वाट बघू नका. काट्याचा प्रोजेक्ट घेतलात तर वजन चालू असताना इंडिकेटरची वायर उपटून बघा. तरीही पावती निघाली, तर त्या आवृत्तीवर सही करू नका.