मनुक्यांची वेबसाइट स्वतः करताय, तर आधी एवढं बघा

ताई, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आधी घ्या आणि ते स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घ्या. भाचा किंवा ओळखीचा डिझायनर 'मी घेतो माझ्या खात्यातून' म्हणाला, तरी नको. उद्या तो पुण्याला गेला की दुकानाची पाटी त्याच्या हातात. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

साइट बनवायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र, फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

खरा वेळ फोटोंना द्या. मनुके सकाळच्या उजेडात, पांढऱ्या ताटात ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली सोनेरी मनुका हिरवट दिसतो. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल करा, २०० केबीच्या आत आणा. पिंपळगावच्या बाजारात उभ्या माणसाच्या फोनवर रेंज कमी असली तरी पान उघडलं पाहिजे, गिऱ्हाईक तिथलंच आहे.

जुन्या पत्रकातला मजकूर डकवाल तर अक्षरांची खिचडी होईल, कारण तो बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, नसतो. पुन्हा टाइप करा.

पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेण्याची सोय, सध्या राहू द्या. ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅपची wa.me लिंक द्या, ती दाबली की थेट तुमच्याशी चॅट उघडतं. ती नाही जमली तर साधा फोन नंबर, पण प्रत्येक पानावर. वजन, भाव, कुरियरचा खर्च स्पष्ट लिहा. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांकही टाका, खाण्याची वस्तू आहे. आणि बॅकअप आजपासूनच चालू करा.