‘नुसते हात हलवायला चार वर्षं कशाला?’

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीला ७८ टक्के. चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते, लहान मुलांचा कॉयर बसवते. आता कॉयर कंडक्टर व्हायचं म्हणते. नुसते हात हलवायला चार वर्षं कशाला? सीईटी होईपर्यंत तिची प्रॅक्टिस आम्ही बंद केलीय. तिला समजवा.
– एक पालक, वसई

उत्तर: पत्रात टक्के आहेत, सीईटी आहे, मुलगी काय म्हणते, याची एक ओळ नाही. प्रॅक्टिस बंद करून आठवड्याचे दोन-तीन तास वाचतात, अभ्यास वाढतोच असं नाही. मुलगी घरात मोकळं बोलायची मात्र थांबते. या आठवड्यापासून तिला जाऊ द्या. सीईटी तीही देईल, तेवढ्याने काही बिघडत नाही.

आता हात हलवण्याबद्दल. कार्यक्रमात दिसतो तो कामाचा शेवटचा तुकडा. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या उंच ते खालच्या आवाजांच्या चारही ओळी कंडक्टरला एकत्र वाचता, पियानोवर वाजवता आणि एकेक गाऊन दाखवता याव्या लागतात. साथीशिवाय गाणारा कॉयर पान संपेपर्यंत अर्धा स्वर उतरू शकतो. का उतरला, ते तिथल्या तिथे ओळखायचं असतं: चढताना अंतर कमी पडलं, उतरताना जास्त झालं, लांब स्वरावर श्वास संपला, की प्रत्येकाचा ‘आ’ वेगळा लागला? प्रत्येकाचा इलाज निराळा. ‘सुरात गा’ म्हणून ओरडल्याने काही होत नाही. लांबलचक ओळीत कोणी कुठे श्वास घ्यायचा, हेही आधी ठरवून द्यावं लागतं. सगळ्यांनी एकदम घेतला की ओळ तुटते. एवढं सगळं चार वर्षांत जमलं तर लवकर जमलं म्हणायचं.

पैशांचं स्पष्ट बोलू या. आपल्याकडे नुसत्या कंडक्टिंगवर घर चालवणारे फार थोडे. बाकीचे शाळेत संगीत शिकवतात, पियानो-गाण्याच्या शिकवण्या घेतात. म्हणून पदवी हवी, पण इंजिनिअरिंगची नको: सबमिशन आणि लोकलमधून पियानोला रोजचा दीड तास उरणार नाही. जवळच्या कॉलेजात बीए करू द्या. पियानो आत्ताच सुरू करा. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडआधी पाचवीची थिअरी लागते, हे अनेकांना उशिरा कळतं. मुंबईत परांज्योती अकादमी कोरस या कॉयरचा कार्यक्रम असेल तर ऐकायला तिला घेऊन जा. संस्थापक व्हिक्टर परांज्योतींनंतर कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं सांभाळला. पुढच्या शिक्षणाला हंगेरीत केचकेमेटला कोडाय इन्स्टिट्यूट ही संगीतशिक्षणाची संस्था आहे. तिथला सोल्फा, म्हणजे ‘डो-रे-मी’ म्हणून गायची पद्धत, आपल्या सरगमसारखा, ‘सा’ कुठेही धरता येणारा.

परदेशी प्रवेशाला बहुतेक ठिकाणी तालमीचा व्हिडिओ मागतात. मुलांच्या कॉयरचा आत्ताच काढून ठेवा: कॅमेरा मुलांच्या बाजूला, तिचा चेहरा आणि हात दिसतील असा. दहा मिनिटं पुरेत, पण मधले थांबे कापू नका. ती चूक कशी दुरुस्त करते, तेच त्यात बघतात.