स्फुरदीप्तीत स्फुरद कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओएलईडी (ऑरगॅनिक लाइट-एमिटिंग डायोड, म्हणजे विजेने उजळणारे कार्बनी पदार्थ वापरणाऱ्या) पडद्यांविषयीच्या एका मराठी मजकुरात "लाल आणि हिरव्या ठिपक्यांत स्फुरदयुक्त पदार्थ असतात, निळ्यात मात्र प्रतिदीप्त" असे वाक्य आले आहे. मुळात शब्द होता फॉस्फोरेसंट. स्फुरद म्हणजे फॉस्फरस, तेव्हा 'स्फुरदयुक्त' बरोबर धरायचे का? आणि फॉस्फोरेसन्ससाठीचा 'स्फुरदीप्ती' हा शब्द त्याच स्फुरदापासून झाला का?

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. त्या ठिपक्यांचा प्रकाश ज्यांतून येतो ती इरिडियमची जटिल संयुगे आहेत. त्यांना फॉस्फोरेसंट म्हणायला त्यांत फॉस्फरसचा एकही अणू लागत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट मराठी वाचकाच्या कानात इतके बसले आहे, की 'स्फुरदीप्ती' दिसताच डोळा त्यातला 'स्फुरद' उचलतो. पण संस्कृतात स्फुर् या धातूचे वर्तमानकालवाचक रूप आहे स्फुरत्, म्हणजे स्फुरत असलेले, लखलखणारे. पुढे मृदू व्यंजन आले की त्यातल्या त् चा द् होतो, जसे जगत् आणि गुरू मिळून जगद्गुरू. म्हणून स्फुरत् आणि दीप्ती मिळून खरे तर स्फुरद्दीप्ती. लिहिताना एक द गळला आणि उरलेल्या अक्षरांत मूलद्रव्य दिसू लागले. मूलद्रव्याचे स्फुरद हे नाव त्याच स्फुरत् वर बेतलेले आहे, त्यामुळे हे दोन शब्द भावंडे आहेत; एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

हीच गफलत युरोपी भाषांतही आहे, आणि तिचा इतिहास मोठा सुरेख आहे. ग्रीक 'फॉस्फोरस' म्हणजे प्रकाश आणणारा. पहाटेच्या शुक्राचे ते नाव. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या बोलोन्याजवळ व्हिन्चेन्झो काशारोलो या चांभाराला एक जड दगड सापडला. कोळशाबरोबर भाजून उन्हात ठेवला की तो नंतर अंधारात उजळे. अशा पदार्थांना लोक फॉस्फोरस म्हणू लागले. तो दगड होता बेरियमचा. त्याच्या उजळण्याशी फॉस्फरसचा संबंध नव्हता. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँटने मूत्र आटवून आज आपण ज्याला फॉस्फरस म्हणतो ते मूलद्रव्य मिळवले 1669 मध्ये, आणि हे चालत आलेले नाव त्याला चिकटले. त्यातही गंमत अशी, की पांढऱ्या फॉस्फरसची चमक ही फॉस्फोरेसन्स नव्हेच. तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि त्या रासायनिक क्रियेतून प्रकाश येतो.

मग स्फुरदीप्ती म्हणजे नेमके काय? "दिवा विझवल्यावरही टिकणारी चमक" ही जुनी व्याख्या पडद्यांच्या बाबतीत दिशाभूल करते. इरिडियमच्या या संयुगांतली उत्तेजित अवस्था टिकते साधारण एक-दोन मायक्रोसेकंद. डोळ्याला ते कळणेही शक्य नाही. प्रतिदीप्तीत (म्हणजे फ्लुओरेसन्समध्ये; काही जण अनुस्फुरण म्हणतात) हाच काळ काही नॅनोसेकंदांचा असतो. पण खरा फरक घड्याळात नाही, इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीसारख्या गुणात आहे. पडद्यात विजेने इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची गाठ पडते, तेव्हा ढोबळमानाने चारांतील एक जोडी सिंग्लेट (स्पिन परस्परविरुद्ध) होते आणि तीन ट्रिप्लेट (स्पिन एकाच दिशेचे). नुसत्या कार्बनी रेणूत सिंग्लेट प्रकाश देऊन मोकळी होते, ट्रिप्लेटला मात्र खाली उतरण्याची वाट जवळजवळ बंद असते आणि तिची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे 75 टक्के वाया. रेणूत इरिडियमसारखा जड अणू बसवला, की स्पिन आणि कक्षीय गती एकमेकांत मिसळतात, ती बंद वाट उघडते आणि चारही जोड्यांचा प्रकाश मिळू शकतो. पडद्याच्या काटकसरीचे मर्म हे आहे. प्लॅटिनमच्या संयुगाने हे 1998 मध्ये दाखवले गेले, इरिडियमच्या हिरव्या संयुगाने 1999 मध्ये.

तेव्हा या चर्चेत दोन धातू आहेत. शब्दाचा धातू स्फुर्, पदार्थाचा धातू इरिडियम. मराठीने दोघांना एकच नाव दिले, याचा मला इथे मनापासून आनंद होतो.

पण 'धातूचे संयुग म्हणजे स्फुरदीप्त' असेही समीकरण मांडू नका. 1987 मध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये आजच्या ओएलईडीचा पाया घातला, तेव्हा त्यांनी वापरलेले हिरवे संयुग ॲल्युमिनियमचे होते आणि त्याचा प्रकाश प्रतिदीप्तीचा. ॲल्युमिनियम हलका, अणुक्रमांक 13, इरिडियमचा 77.

शब्दांची सर्वांत मोठी फजिती निळ्या रंगात होते. इरिडियम तोच ठेवून भोवतीचे लिगँड (धातूच्या अणूला जोडलेले रेणू) बदलले की रंग बदलतो. हिरव्या संयुगातल्या लिगँडवर फ्लुओरिनचे अणू बसवले की प्रकाश निळ्याकडे सरकतो. फर्पिक नावाचे आकाशी रंगाचे प्रसिद्ध संयुग याच जातीचे. फ्लुओरेसन्स हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून पाडले, आणि फ्लुओरिन हे नावही त्याच खनिजावरून आले. म्हणजे फर्पिकमध्ये फ्लुओरिन आहे पण प्रकाश फ्लुओरेसन्सचा नाही. प्रकाश फॉस्फोरेसन्सचा आहे पण फॉस्फरस नाही. नावावरून घटक ओळखू पाहणाऱ्याने हे एकच संयुग ध्यानात ठेवावे. (गडद निळा देणारी स्फुरदीप्त संयुगे लवकर खराब होतात, कारण निळ्याला लागणारी जास्त ऊर्जा रेणूतले बंधच तोडते. म्हणून त्या वाक्यात निळा 'प्रतिदीप्त' आहे.)

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर इरिडियमच्या हिरव्या संयुगाची पिवळी भुकटी टोल्युईन या द्रावकात विरघळवून बाटलीवर अतिनील दिवा धरावा. उघड्या हवेत द्रावण मंदच दिसते. नळीने त्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहिले, की ऑक्सिजन निघून जातो आणि बाटली हळूहळू हिरवीगार पेटते. ऑक्सिजनचा रेणू स्वतः ट्रिप्लेट असल्याने तो या ट्रिप्लेटची ऊर्जा ओढून घेत होता. क्विनाइनच्या निळ्या प्रतिदीप्तीला हवेचा असा जाच फारसा होत नाही. हवा बाजूला होताच आतला प्रकाश वर येताना पाहिला, की स्फुर् धातू किती नेमका आहे ते पटते. कविता स्फुरते, बाहूंना स्फुरण चढते, तेव्हाही जे बाहेर येते ते आतलेच असते.

ओएलईडीतल्या 'ऑरगॅनिक' साठी मात्र इथे 'सेंद्रिय' नको. व्युत्पत्तीने तो शब्द चोख आहे, पण आज तो शेतीकडे गेला आहे आणि 'सेंद्रिय पडदा' वाचून भलतेच चित्र उभे राहते. शाळेच्या पुस्तकातला 'कार्बनी' घ्या.

'स्फुरदीप्ती' रूढ झाला आहे, तो तसाच एका द ने लिहायला माझी हरकत नाही. विशेषण 'स्फुरदीप्त'. ते वाक्य मी असे करीन: "लाल आणि हिरव्या ठिपक्यांत इरिडियमची स्फुरदीप्त संयुगे असतात, निळ्यात प्रतिदीप्त कार्बनी पदार्थ."